विक्रीला नसलेलं फडताळ

मुंबईहून येणारा महामार्ग हातखंब्याला रत्नागिरीचा फाटा सोडतो, थोडं पुढे पालीला येतो आणि तिथे पुन्हा फुटतो. एक वाट लांजा, राजापूर करत गोव्याला जाते. दुसरी नाणीज, साखरपा गाठून आंबा घाट चढते आणि कोल्हापूरकडे निघते. अशा नाक्यावर कलाकाराने दुकान टाकणं शहाणपणाचंच, कारण गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. पण नाक्यावरचं गिऱ्हाईक घाईत असतं. कुणाला आजोबांच्या फोटोला चौकट हवी असते, कुणाला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा संध्याकाळपर्यंत हवा असतो, आणि बाहेर एसटी उभी असते. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवायच्या पाट्यांचं काम आटलं. जे उरलं त्यात माप दुसऱ्याचं, मजकूर दुसऱ्याचा आणि रंगही दुसऱ्याच्याच पसंतीचा.

सावर्ड्याच्या सह्याद्री स्कूल ऑफ आर्टमधून किंवा देवरुखच्या कला महाविद्यालयातून शिकून गावी परतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वडिलांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, लहानपणापासून हात बसलेल्यांनाही नको. दुकान चालतं, घर चालतं आणि एक दिवस लक्षात येतं की स्वतःच्या मनाने ब्रश उचलून कितीतरी दिवस झाले. यावर लोक दोन उपाय सुचवतात: प्रदर्शन भरवा, नाहीतर सुट्टी घ्या. प्रदर्शनाला पैसे लागतात आणि सुट्टी घ्यावी तर त्याच दिवशी नेमकं मोठं गिऱ्हाईक येऊन परत जातं. मी सुचवतो तो उपाय स्वस्तातला आहे. दुकानात एक फडताळ असं ठेवा, ज्यातली एकही वस्तू विकायची नाही. तिथलं सगळं फक्त द्यायचं.

‘स्वतःसाठी काढा’ असं मी मुद्दामच म्हणत नाही. दिवसभर दुसऱ्यांची कामं केल्यावर स्वतःसाठी काढायला बसलं की हात थबकतो, कोऱ्या कागदाकडे बघत वेळ जातो. विकायला काढायचं म्हटलं की हिशेब सुरू होतो: चौकट केवढ्याची, लोकांना कुठला रंग चालतो. पण ‘मधल्या वाडीतल्या त्या पोरीला द्यायचंय, तिला मांजर आवडतं’ एवढं ठरलं की दोन्ही अडचणी सुटतात. माणूस डोळ्यांसमोर असतो, माप तळहाताएवढं असतं आणि घासाघीस करायला कुणी नसतं.

आता वेळेचं. दुकानदार कलाकाराची पहिली तक्रार हीच असते, आणि ती खोटी नसते. म्हणून वेळ काढायच्या भानगडीत पडू नका, दुकानात जो वेळ सांडतो तोच गोळा करा. शटर उघडल्यापासून भवानी होईपर्यंतचा वेळ, दुपारी जेवणं उरकल्यावर नाका पेंगतो तो वेळ, वीज गेल्यावर मशिनं बंद पडतात तो वेळ. गल्ल्याशेजारी एक छोटी वही आणि मऊ पेन्सिल बांधून ठेवा. बांधून म्हणजे खरोखरच दोरीने, नाहीतर पेन्सिल गिऱ्हाईक नेतं. एसटीची वाट बघणारी माणसं काढा आणि पाठमोरी काढा. समोरून काढायला लागलात की माणूस अवघडतो, पदर सावरतो, जवळ येऊन ‘माझंच काढता काय?’ विचारतो. पाठीत माणूस जास्त दिसतो, असं माझं मत आहे. डोक्यावर हारा घेतलेल्या बाईची मान, छत्री काखेत धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचा एक खांदा, दप्तराने मागे ओढलेली शाळकरी मुलं. अशी दोन मिनिटांची रेघ पुढे कुणाच्या तरी पोस्टकार्डावर उतरते.

ब्रशचा रंग तपासायला शेजारी जो कागद ठेवतो, तो फेकू नका. महिनाभर एकच चांगला जाड कागद त्यासाठी वापरा. महिनाअखेर जाड पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या घ्या, त्यांची लहानमोठी खिडकी करून कागदावर सरकवत न्या आणि जिथे रंग एकमेकांशी छान बोलताना दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करून कापा. पुस्तकात घालायच्या खुणा, पाकिटावरच्या चिठ्ठ्या, राखीच्या डबीचं झाकण, सगळं यातून निघतं. मेहनत जवळजवळ शून्य. कितीतरी वेळा महिनाभरातलं सगळ्यात मोकळं काम याच कागदावर झालेलं असतं, कारण तिथे आपण चित्र काढत नव्हतो.

पालीची माती, तिसऱ्यांचे शिंपले

भेटीसाठी बाजारातून सामान आणायला लागलात की फडताळ महिन्याभरात बंद पडेल. पहिला नियम ठेवा, साहित्य पायाखालचं हवं. आपल्याकडे पायाखाली जांभा आहे. जांभ्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडांचा, म्हणजे दुकानात ट्यूबमध्ये मिळणाऱ्या गेरूच्या, मातकट तांबड्या रंगांच्या कुळातलाच. हा रंग उन्हाने उडत नाही. हळदीचा पिवळा उडतो. कोकमाचा गुलाबी तर फार फसवा: आंबटपणा आहे तोवर लाल, जरा खारवट पाणी लागलं की वेगळाच, आणि उन्हात ठेवला की फिका. कोकम सरबतात ठेवावं, चित्रात आणू नये. मातीचा रंग मात्र पिढ्या टिकतो, आणि तो तुम्ही स्वतः करू शकता.

जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणीवर चिरे कापताना पडलेली बारीक भुकटी मागून आणा. कुणी नाही म्हणत नाही, उलट वेड्यात काढतात. त्याच खाणीत कुठे कुठे पिवळसर मऊ माती सापडते, तीही वेगळ्या पिशवीत घ्या. दोन्ही उन्हात खडखडीत वाळवा आणि खलबत्त्यात कुटा. मग बादलीभर पाण्यात ढवळा, क्षणभर थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी राहिली ती वाळू, ती टाकून द्या. गढूळ पाणी जुन्या सुती धोतरातून गाळा आणि रात्रभर निवळू द्या. सकाळी वरचं स्वच्छ पाणी अलगद काढलं की तळाशी जो लोण्यासारखा गाळ राहतो तो तुमचा रंग. ताटात पसरून सावलीत वाळवा. हे दोनदा केलं तर रंग आणखी बारीक होतो, आणि जलरंगात बारीकपणालाच सगळी किंमत आहे.

पिवळ्या मातीची एक गंमत आहे. तिची वाळलेली भुकटी जुन्या लोखंडी तव्यावर, चुलीच्या मोठ्या जाळावर भाजत बसलात तर ती हळूहळू लाल होत जाते. मातीतल्या पिवळ्या खनिजातलं पाणी निघून जातं आणि त्याचं लाल खनिज होतं. मधल्या मधल्या टप्प्यावर चमचा चमचा काढून ठेवलात तर पिवळ्यापासून विटकरीपर्यंत चार-पाच छटा एकाच मातीतून मिळतात. हे काम घरात करू नका, धूळ उडते; अंगणात करा आणि नाकाला रुमाल बांधा. काळा रंग हवा तर करवंट्या डब्यात झाकण लावून जाळा, झालेला कोळसा कुटा आणि तसाच निवळून घ्या.

आता बांधणी. बाभळीचा स्वच्छ डिंक एक भाग आणि गरम पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून गाळून घ्यायचं. त्यात थोडासा मध घालायचा म्हणजे वाळल्यावर रंगाला भेगा पडत नाहीत, आणि लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब म्हणजे बुरशी धरत नाही. मधाचं प्रमाण ऋतू बघून ठरवा. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या हवेत मध जरा जास्त झाला की रंग चिकट राहतो, बोटाला लागतो. जून ते सप्टेंबर मध निम्म्यावर आणा, नाहीतर हे काम सरळ दिवाळीनंतर करा. जाड काचेवर भुकटी आणि डिंकाचं पाणी घेऊन सपाट बुडाच्या जड काचेच्या पेल्याने खला. खलताना सुरुवातीला खरखर आवाज येतो. तो आवाज बंद होईपर्यंत थांबायचं नाही. दुकानातल्या कामांत मला इतकं समाधान देणारं दुसरं काम माहीत नाही, आणि त्यासाठी कलाकारच असावं लागतं असंही नाही. वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात पेला दिलात तर तोही खलत बसतो आणि घाई विसरतो.

हा रंग भरायचा कशात? तिसऱ्यांच्या शिंपल्यांत. घरी तिसऱ्यांचं सुकं झालं की शिंपले धुऊन, उकळून, उन्हात वाळवून ठेवा. युरोपातले जुने पोथ्या रंगवणारे चित्रकार शिंपल्यात रंग ठेवत आणि आपल्याकडच्या लघुचित्रकारांच्या पुढ्यातही शिंपले असत, तेव्हा ही काही नवी टूम नाही. रंग एकदम भरू नका. पातळ थर भरा, सावलीत सुकू द्या, मग दुसरा, मग तिसरा. लाल, पिवळा आणि काळा असे तीन शिंपले, केळीच्या वाळलेल्या सोपटात बांधलेले, आणि सोबत एक छोटा ब्रश. मुंबईहून मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्याच्या मुलाला जाताना द्यायला यापेक्षा चांगली भेट मला सुचत नाही. तो दादरच्या खोलीत बसून जे काही रंगवेल त्यात पालीची माती असेल. शिवाय ही भेट सामानात जागा खात नाही. परतणाऱ्या चाकरमान्याची पिशवी तांदूळ, नारळ, फणसपोळी आणि कोकमाने आधीच भरलेली असते. तुमच्या भेटीने त्यातलं काही बाहेर काढायची वेळ येता कामा नये.

सावंतवाडीकडून उसनं घ्यावं असं

छोट्या वस्तूची ताकद काय असते हे बघायचं असेल तर सावंतवाडीला जा. तिथल्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि लाकडी फळं करणारे चितारी स्वतःच्या दुकानात बसूनच काम करत आले. आपल्या विषयाचं यापेक्षा जुनं आणि जवळचं उदाहरण नाही. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर रंग आणि लाख. ओंजळीत मावेल एवढं सीताफळ किंवा भातुकलीचा संच. तिथेच राजवाड्यात गंजिफाही, म्हणजे खेळायची पानं, रंगवल्या जातात. ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती समजून घेतली आणि राजवाड्यातच कार्यशाळा उभी केली. दशावतारी गंजिफाच्या डावात १२० पानं असतात: १० अवतार आणि प्रत्येकाची १२ पानं, त्यात एक राजा, एक प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची साधी पानं. आज खेळणारे मोजके. विकत घेणारे बहुतेक जण कुणाला तरी भेट द्यायला किंवा घरात मांडायला घेतात.

गंजिफाची नक्कल करून विकू नका, ते काम सावंतवाडीच्या चिताऱ्यांचं आहे. त्यांची पद्धत मात्र भेटीपुरती शिकण्यासारखी आहे. जुन्या सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने किंवा मोठ्या कवडीने घोटून काढायचा, बांगडी ठेवून गोल आखायचा आणि कापायचा. त्यावर चित्र, आणि चित्रावर लाखेचा किंवा साध्या वॉर्निशचा हात. खळीला कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. पान लहान मुलाच्या हातात जाणार असेल तर खळीचा हट्ट सोडा आणि सरळ फेव्हिकॉल वापरा.

अशा पानांचा एक उपयोग मला फार आवडतो. भाचीला किंवा शेजारच्या मुलाला दर वाढदिवसाला एकच पान द्या. पहिल्या वर्षी एक्का, दुसऱ्या वर्षी दुर्री, अकराव्या वर्षी प्रधान, बाराव्या वर्षी राजा. चिन्ह अवतारांचंच हवं असं नाही. आंबा चालेल, खेकडा चालेल, लाल डब्याची एसटी चालेल. बारा वर्षांत तुमचा हात कसा बदलला तेही त्या मुलाच्या डबीत जमा होतं. घाईने पूर्ण संच करून देण्यात ही मजा नाही.

सोपं काही हवं असेल तर साधं पोस्टकार्ड. भारतात ते १ जुलै १८७९ला आलं, पाव आण्याला. १४ सेंटीमीटर रुंद आणि ९ सेंटीमीटर उंच, एवढ्या जागेत मोठं चित्र काढायचा मोह होत नाही, हा त्याचा मोठा गुण. जपानमध्ये एतेगामी नावाचा प्रकार आहे: पोस्टकार्डावर समोरची एखादी वस्तू, भेंडी, बूट, कांदा, जाड रेघेने काढायची, दोन शब्द लिहायचे आणि मित्राला टपालाने पाठवायची. तिथले शिकवणारे सांगतात, सफाई नको, वाकडंतिकडं हवं. कसलेल्या चित्रकाराला हे फार जड जातं. मग डाव्या हाताने काढून बघा. पोस्टाचा कागद पातळ असतो, फार ओला रंग फुगे आणतो. कोळशाचा काळा आणि जांभ्याचा लाल, कोरड्या ब्रशाने, एवढं पुरतं. पावसाळ्यात मजकूर बॉलपेनने लिहा. शाईचा मजकूर पोस्टमनच्या पिशवीत भिजून वाहून जातो आणि चित्र तेवढं पोचतं.

करवंटीचा वाडगा आणि पोफळीच्या विरीची फाइल हे दोन प्रकार आता सगळ्याच हस्तकलेच्या दुकानांत दिसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. करवंटीतलं खोबरं कोरू नका. उन्हात ठेवा, आक्रसून आपोआप सुटतं. वरचे केस काचेच्या तुकड्याने खरवडा, मग पॉलिश पेपर ८०, १२०, २२०, ४०० असा चढत्या नंबरने मारा आणि शेवटी खोबरेल चोळा. खायच्या भांड्याला वॉर्निश नको. विरी पाण्यात भिजली की वाकते. तशी वाकवून किंवा सपाट करून वजनाखाली पूर्ण वाळू द्या, अर्धवट वाळलेली काढलीत तर पुन्हा वळते. आणि कृपा करून प्रत्येक करवंटीवर, प्रत्येक विरीवर वारली चित्र काढू नका. ती डहाणू-पालघरकडच्या वारल्यांची भाषा आहे. आपल्याकडे शिमग्याची पालखी आहे, नमन-खेळे आहेत, भाताची लावणी आहे, चिऱ्याचे गडगे आहेत. ते बघून काढा.

कुणाला, कधी, कसं

गणपतीची शाळा चालवणाऱ्यांना देण्याघेण्याचा हा व्यवहार नवा नाही. नागपंचमीच्या सुमारास लोक आपापला पाट आणून देतात, त्यावर नारळ-विडा ठेवतात. मूर्ती नेताना पुन्हा नारळ आणि दक्षिणा. पैशांचा हिशेब असतोच, पण तो पाटावरच्या विड्याच्या आडोशाने होतो. याच दिवसांत शाळेभोवती पोरं घुटमळतात. त्यांना हाकलू नका, प्रत्येकाला उरलेल्या शाडूचा गोळा द्या आणि उंदीर करायला सांगा. आपली शाडू बाहेरून, बरीचशी गुजरातेतून येते, महाग पडते, हे खरं. पण पोरांनी केलेला उंदीर जमला नाही तर माती पुन्हा भिजवता येतेच. वाळला, आणि बरा झाला असेल, तर तो घरच्या गणपतीशेजारी बसतो. पुढची चाळीस वर्षं ते घर पाट दुसरीकडे नेत नाही, हा फायदा मी हळूच सांगतो, कारण त्यासाठी गोळा द्यायचा नसतो.

गौरीच्या ओवशाला नव्या सुनेची सुपं भरतात. बुरुडाकडून आलेल्या कोऱ्या सुपाच्या काठावर जांभ्याच्या लाल रंगाची एक वेल ओढून दिलीत तर त्या घरात ते सूप पुढे पाखडायला वापरणार नाहीत, भिंतीवर लावतील. मला विचाराल तर हे वाईटच झालं. म्हणून रंग काठाच्या बाहेरच्या बाजूला लावा आणि देतानाच सांगा, ‘काकी, हे वापरायचं हां.’ भेट वापरात राहावी. मोठी चौकट केलेलं स्वतःचं चित्र हौसेने कुणाला देऊ नका. ते घेणाऱ्याला भिंतीवर लावावंच लागतं, आणि तुम्ही जाल तेव्हा ते जागेवर आहे ना हे बघावं लागतं. संपणारी, झिजणारी, खिशात मावणारी वस्तू द्या.

शेजारणीकडून डब्यातून काही आलं तर रिकामा डबा परत पाठवू नये, हे घराघरांत शिकवलेलं असतं. साखर घालून डबा परत जातो. फडताळातल्या छोट्या वस्तूंना याहून चांगली जागा नाही. साखरेवर पुस्तकाची एक खूण ठेवा, डबा पाठवून द्या, बोलायची गरजच नाही. कोकमाच्या आगळाच्या बाटलीला हाताने रंगवलेली चिठ्ठी लावायची असेल तर चिकटवू नका. बाटलीला घाम येतो आणि चिठ्ठी सुटते. भोक पाडून सुतळीने गळ्यात बांधा.

भेटवस्तूवर दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर टाकू नका. टाकलात की ती जाहिरात झाली. मागे बारीक अक्षरात तारीख आणि ‘पाली’ एवढं पुरे. ‘पाचशेच्या खरेदीवर हस्तकलेची वस्तू मोफत’ हेही नको. तसं करायचं असेल तर खुशाल करा, पण वेगळ्या कपाटातून आणि खर्चात धरून.

सगळ्यात अवघड प्रश्न मागणाऱ्यांचा. फडताळ दिसलं की कुणीतरी म्हणणारच, ‘हे केवढ्याला?’ ‘विकायचं नाही’ म्हटलं की त्याला तेच हवं होतं. मग नातेवाईक येतात: ‘आपल्या घरचाच तर आहेस, मुलीच्या हळदीकुंकवाला पन्नास वाणं करून दे.’ इथे संकोच करू नका. एक वस्तू म्हणजे भेट, पन्नास वस्तू म्हणजे ऑर्डर. हसत सांगा, ‘वहिनी, एक तुला माझ्याकडून. बाकीच्यांचे पैसे घेईन.’ आणि भाव तिथल्या तिथे सांगा, नंतर बघू म्हणू नका. समजा एका वाणाला साहित्य १५ रुपयांचं लागतं आणि पाऊण तास जातो. तुमचा दिवस आठ तासांचा आणि ८०० रुपयांचा धरलात तर पाऊण तासाचे ७५ झाले. दुकानाचं भाडं, वीज, फुटतूट यांचे १० धरा. म्हणजे १००. घरच्यांना सूट द्यायची तर ती तुमच्या ७५ मधून जाते हे लक्षात ठेवा, साहित्य कुणी सूट देऊन विकत नाही. एवढं करूनही एखादा मामा रुसेल. त्याला पुढच्या शिमग्याला पालखीचं पोस्टकार्ड पाठवा.

दोन वह्या ठेवा. विक्रीची वही असतेच. दुसरीत एवढंच लिहा: कुणाला, काय, कधी, कुठल्या साहित्याचं. परतफेड मोजायला ही वही नाही. तीच वस्तू त्याच माणसाला दुसऱ्यांदा जाऊ नये आणि कुठला रंग किती टिकला हे कळावं, म्हणून ती लागते. ज्यांच्याकडे भेट गेली त्यांच्या घरी कधी गेलात तर नजर टाका: लाल फिका झाला का, डिंक सुटला का, लाख पिवळी पडली का. दुकानातल्या विकलेल्या मालाबद्दल लोक तक्रार करतात. भेटीबद्दल कुणी करत नाही, त्यामुळे हे तुम्हालाच बघावं लागतं.

वर्षाची आखणी दुकानाच्या गर्दीच्या उलट ठेवा. मे महिन्यात आंबा आणि चाकरमानी, तेव्हा करायला वेळ नसतो, फक्त द्यायचं. चौकटी आणि पाट्यांचं दुकान असेल तर आगोटीची कामं उरकल्यावर, जून-जुलैत, हात रिकामे असतात, तेव्हा कापणं, शिवणं, घोटणं करा. मूर्तिकार असाल तर उलट, तुमचे मोकळे दिवस गणपती गेल्यावरचे. रंग खलायचं काम कोरड्या थंडीत. पावसाळ्यात तयार कागदी वस्तू उघड्या फडताळात राहू देऊ नका, आठवड्यात पांढरी बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, बूट-पर्सच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून त्यात टाका, आणि उघडीप मिळेल त्या दिवशी डबा उघडून वस्तूंना वारा द्या. कापूर ठेवलात तर कीड लांब राहते, पण लाखेच्या वस्तूंजवळ कापूर नको, पृष्ठभाग चिकट होऊ शकतो.

लांब पाठवायची भेट असेल तर शिंपले एकमेकांवर रचू नका. प्रत्येक शिंपला भाताच्या तुसात वेगळा बसवा, डबा पत्र्याचा घ्या, झाकणाला चिकटपट्टी लावा. सोबत एक चिठ्ठी टाका: रंगाला पाण्याचे दोन थेंब देऊन मिनिटभर थांबा, ब्रश घासू नका. वाटेत शिंपला फुटलाच तर रंग वाया जात नाही. तुकडे वाटीत घेऊन थोड्या पाण्यात भिजवा, शिंपल्याचेही कण टोचतात म्हणून कापडातून गाळा आणि दुसऱ्या शिंपल्यात ओता. हेही चिठ्ठीत लिहा.